मराठवाड्यावर राज्य करणारं हैदराबाद आणि मुंबईच्या ताब्यातलं हैदराबाद

२ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने मराठा आरक्षणाच्या मागणीवर शासन निर्णय काढला आणि ‘हैदराबाद गॅझेट’, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या सरकारी नोंदी, हे शब्द घरोघरी पोहोचले. आता मुंबईत चर्चगेटला जा. तिथलं के. सी. कॉलेज आणि एच. आर. कॉलेज ज्या विद्यापीठात येतात, त्याचं नाव एचएसएनसी विद्यापीठ. त्यातलं पहिलं अक्षरही हैदराबादचंच आहे. पूर्ण नाव ‘हैदराबाद (सिंध) नॅशनल कलेजिएट’. दोन्ही ठिकाणी नाव एकच, पण शहरं दोन. त्यांच्यात सरळ रेषेत साधारण १,३७० किलोमीटरचं अंतर आहे आणि मधून देशाची सीमा जाते.

एक हैदराबाद तेलंगणची राजधानी, मुसी नदीकाठचं. दुसरं पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात, सिंधू नदीकाठचं. मराठी माणसाचा दोन्हींशी जुना संबंध आहे, फक्त उलट्या दिशेने. पहिल्या हैदराबादने मराठवाड्यावर राज्य केलं, तर दुसऱ्या हैदराबादवर मुंबईचं राज्य होतं. एवढं पक्कं लक्षात ठेवलं, की जुन्या कागदांतला, पाट्यांवरचा आणि घराघरांतल्या आठवणींमधला बराचसा घोळ सुटतो.

एकाचं नाव दुसऱ्यावरून पडलं का?

नाही. दोन्ही नावांचं मूळ एकच, पण शहरं एकमेकांना ओळखत नव्हती. ‘हैदर’ ही पैगंबरांचे जावई हजरत अली यांची पदवी. दख्खनमधलं हैदराबाद १५९१ साली मुहम्मद कुली कुतुबशहाने वसवलं. सिंधमधलं हैदराबाद १७६८ साली मियाँ गुलामशाह कल्होडा याने वसवलं. मधे १७७ वर्षं गेली, घराणी वेगळी, मुलूख वेगळा. अलींवर श्रद्धा असलेल्या दोन राजांनी आपापल्या नव्या शहराला त्यांचं नाव दिलं, इतकाच दुवा.

गावात दोन वसंतराव असले की एक मळ्यातले आणि एक पेठेतले होतात. या शहरांचंही तसंच झालं. एकाला ‘दक्कन’ हे शेपूट लागलं, दुसऱ्याला ‘सिंध’. दक्कन अजून अधिकृतपणे शाबूत आहे: तेलंगणच्या राजधानीतल्या नामपल्ली स्टेशनचं रेल्वेच्या दप्तरी नाव ‘हैदराबाद दक्कन’ असंच आहे.

मुसीकाठचं हैदराबाद: किल्ल्याबाहेर पडलेली राजधानी

कुतुबशाहीची आधीची राजधानी गोवळकोंडा. ग्रॅनाइटच्या टेकडीवरचा भक्कम किल्ला, पण आत दाटी वाढत गेली आणि पाणी अपुरं पडू लागलं. मुसी ओलांडायला १५७८ साली पूल झालाच होता. तो आजही ‘पुराना पूल’ म्हणून उभा आहे. पूल झाल्यावर पलीकडच्या काठावर शहर वसणं ही पुढची पायरी होती. आखणीची जबाबदारी इराणमधून आलेल्या मीर मोमीन अस्तराबादी या मंत्र्याकडे होती. त्याने दोन मोठे रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतील असे आखले आणि त्या चौकात चारमिनार उभा केला.

म्हणजे चारमिनार हा कुठल्या बागेतला शोभेचा मनोरा नाही. तो शहराच्या नकाशाचा मध्यबिंदू आहे. त्याच्या चार कमानी चार दिशांच्या चार रस्त्यांवर उघडतात, आणि वरच्या मजल्यावर मशीद आहे. प्रत्येक बाजू साधारण २० मीटर रुंद. ग्रॅनाइट आणि चुन्याचं बांधकाम, वर चुन्याच्या गिलाव्याची नक्षी. कमानींवरची घड्याळं मात्र मुळातली नाहीत, ती १८८९ साली बसवली. चारमिनार बघायला जाणाऱ्याने आधी थोडं लांब उभं राहून रस्त्यांची रेघ बघावी आणि मग आत शिरावं. नाहीतर गर्दीत फक्त चार उंच खांब दिसतात आणि शहराची आखणी नजरेतून निसटते.

जवळच मक्का मशीद आहे. तिचं काम कुतुबशाहीत सुरू झालं आणि पूर्ण झालं १६९४ साली, औरंगजेबाच्या हाताखाली. मधल्या काळात राज्यच बदललं होतं. १६८७ साली सुमारे आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर गोवळकोंडा पडला आणि शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह कैद झाला. त्याच्या दहा वर्षं आधी, १६७७ साली, कर्नाटकच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज याच तानाशाहाला भेटायला हैदराबादेत आले होते.

गोवळकोंडा पडल्यावर हैदराबादचं राजधानीपण गेलं आणि दक्षिणेतल्या मुघल कारभाराचं केंद्र औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला राहिलं. १७२४ साली बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्डा इथे निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला आणि आसफजाही राज्याचा पाया घातला. या निजामाची राजधानीही आधी औरंगाबादच होती. ती हैदराबादला गेली १७६३ साली, दुसऱ्या निजामाच्या काळात. ‘निजामाचं हैदराबाद’ असं आपण सहज म्हणून जातो, पण निजामी राज्याच्या पहिल्या चाळीसएक वर्षांची राजधानी मराठी मुलखात होती, हे मराठवाड्यातल्या पोरांना शाळेतच सांगायला हवं.

पण मग भागमतीचं काय?

हा प्रश्न येतोच. गोष्ट अशी की मुहम्मद कुली भागमती नावाच्या नर्तकीच्या प्रेमात होता, तिच्या नावाने त्याने ‘भागनगर’ वसवलं, आणि पुढे तिला ‘हैदरमहल’ ही पदवी मिळाल्यावर शहर हैदराबाद झालं.

गोष्टीच्या बाजूने पुरावा असा: अकबराच्या दरबारातला फैजी आणि इतिहासकार फरिश्ता, दोघेही त्याच काळातले, आणि दोघांच्याही लिखाणात तिचा उल्लेख आहे. विरुद्ध बाजूने पुरावा असा की तिच्या नावाचा एकही शिलालेख नाही, कुतुबशाही नाण्यांवर तिच्या शहराचं नाव नाही, आणि कुतुबशाही घराण्याच्या कबरींमध्ये तिची म्हणून ओळखलेली कबर नाही. फैजी आणि फरिश्ता हे दोघेही परक्या दरबारांतले. तिथे ऐकीव गोष्टी पोहोचत असत. हारून खान शेरवानींसारख्या दख्खनच्या अभ्यासकाने ही कथा नाकारली. काहींच्या मते मूळ शब्द ‘बागनगर’, म्हणजे बागांचं शहर.

कथा सिद्ध झालेली नाही, पण नाव खोटं म्हणता येत नाही. ‘भागानगर’ हे नाव लोकांच्या तोंडी खरोखर होतं, आणि त्याचा भरपूर पुरावा मराठीत आहे. बखरींत आणि मोडी पत्रांत हैदराबादला ‘भागानगर’च म्हटलेलं असतं. १९३८-३९ साली निजामाविरुद्ध झालेल्या सत्याग्रहालाही महाराष्ट्रात ‘भागानगरचा निःशस्त्र प्रतिकार’ म्हणत. जुन्या मराठी कागदात भागानगर दिसलं, की ते मुसीकाठचंच हैदराबाद. सिंधच्या हैदराबादला हे नाव कधीच नव्हतं.

सिंधूकाठचं हैदराबाद: नदी हलली म्हणून आलेलं शहर

सिंधू नदी सपाट गाळाच्या प्रदेशातून वाहते आणि पात्र बदलते. अठराव्या शतकाच्या मध्यावर तिने असंच पात्र बदललं आणि कल्होडा राजांच्या खुदाबाद या राजधानीची वाताहत झाली. गुलामशाह कल्होड्याने नवी राजधानी निवडताना दोन गोष्टी साधल्या: नदी जवळ हवी, पण तिच्या तडाख्यात नको. ‘गंजो टकर’ ही चुनखडीची उघडीबोडकी टेकडी त्याला सापडली. तिथे पूर्वी नेरूनकोट नावाचं ठाणं होतं. टेकडीच्या पश्चिमेला सिंधू आणि पूर्वेला तिचाच फुलेली हा फाटा. १७६८ साली टेकडीवर भाजक्या विटांचा ‘पक्का किल्ला’ उभा राहिला.

इथे दोन शहरांचा पोतच वेगळा होतो. दख्खनमध्ये ग्रॅनाइट कुठेही खणा, निघतो. म्हणून ते हैदराबाद दगड आणि चुन्याचं. सिंधच्या सखल भागात चांगला दगड दुर्मीळ आणि गाळाची माती मुबलक. म्हणून हे हैदराबाद विटेचं, आणि विटेवर निळ्या-पांढऱ्या चकाकत्या ‘काशी’ फरशांचं. गुलामशाहची कबर बघितली की ते लगेच कळतं. १७८३ साली कल्होड्यांना हरवून तालपूर मीर सत्तेवर आले. त्यांच्या घुमटांच्या कबरींचा समूह हीराबाद भागात आहे. तिथेही भर आहे तो फरशा आणि गिलाव्यावर.

पक्क्या किल्ल्याच्या दरवाजापासून शाही बाजार सुरू होतो आणि एका लांबच लांब अरुंद रेघेत थेट १९१४ सालच्या नवलराय मार्केट टॉवरपर्यंत जातो. शहर या बाजाराच्या दोन्ही अंगांनी वाढलं. दख्खनच्या हैदराबादला चौक आहे, सिंधच्या हैदराबादला कणा. किल्ल्याच्या आत मात्र जुना राजवाडा शोधत गेलात तर निराशा होते. फाळणीनंतर आलेले निर्वासित तटाच्या आत राहिले, आणि आज तिथे बहुतांश वस्ती आहे.

छपरावरचे वारा पकडणारे ‘मंघ’

या शहराची खरी नवलाई त्याच्या छपरांवर होती. जुन्या फोटोंमध्ये प्रत्येक घराच्या गच्चीवर तिरकी टोपी घातल्यासारखे डझनभर बुरूज दिसतात, आणि सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला. त्यांना सिंधीत ‘मंघ’ म्हणतात.

काम साधं आहे. एप्रिल ते जून इथे पारा ४० अंशांच्या वर जातो, पण याच महिन्यांत अरबी समुद्राकडून नैर्ऋत्येचा वारा रोज दुपारनंतर वाहतो. गल्ल्या अरुंद, घरं चिकटून, त्यामुळे खिडकीपर्यंत तो पोहोचत नाही. छपरावर मात्र मोकळा असतो. मंघ म्हणजे भिंतीतून वर नेलेली चौकोनी पोकळी. तिच्या माथ्यावर एक उतरतं झाकण असतं, ते नैर्ऋत्येकडे उघडं आणि बाकीच्या बाजूंनी बंद. वारा झाकणावर आपटतो, खाली वळतो आणि थेट खोलीत उतरतो. बहुमजली घरात प्रत्येक खोलीला स्वतंत्र मंघ असे. हिवाळ्यात किंवा धुळीचं वादळ आलं की आतून फळी सरकवून तोंड बंद करायचं.

दुसऱ्या गावात हे का चालत नाही, हे महत्त्वाचं. मंघाचं तोंड पक्कं बांधलेलं असतं, फिरवता येत नाही. वारा महिनोन्‌महिने एकाच दिशेने येत असेल तरच त्याचा उपयोग. वारा दिशा बदलत असेल तर तो उलट खोलीतली हवा ओढून बाहेर टाकेल, नाहीतर धूळ आत घेईल. सिंधच्या या पट्ट्यात निसर्गाने ती सोय केली होती. मग विजेचे पंखे आले, शेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या, वारा अडला, आणि मंघ पाडून गच्च्या सपाट झाल्या. जुने मंघ आता मोजकेच उरले आहेत. विजेशिवाय अख्खं शहर थंड ठेवणारी ही व्यवस्था हरवावी, याची खंत वाटते.

मुंबईचं राज्य हैदराबादवर कसं?

१७ फेब्रुवारी १८४३ रोजी मियाणीच्या लढाईत चार्ल्स नेपियरने तालपूर मीरांचा पराभव केला, आणि सव्वा महिन्यात, २४ मार्चला, हैदराबादजवळच दुब्ब्याची दुसरी लढाई जिंकली. इंग्रजांनी राजधानी कराचीला हलवली, कारण त्यांना बंदर हवं होतं. काही वर्षं सिंधचा कारभार वेगळा चालला आणि १८४७ साली सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला. ‘इलाखा’ म्हणजे इंग्रजांच्या थेट राज्याचा मोठा प्रांत, ज्याचा गव्हर्नर मुंबईत बसे. सिंध त्यातून वेगळा झाला १ एप्रिल १९३६ रोजी. म्हणजे ८९ वर्षं सिंधमधलं हैदराबाद आणि रत्नागिरी, पुणे, धारवाड ही एकाच सरकारची ठिकाणं होती. तिथल्या कॉलेजांच्या परीक्षा मुंबई विद्यापीठ घेत असे.

याच काळात दख्खनचं हैदराबाद हे ‘संस्थान’ होतं: अंतर्गत कारभार निजामाचा, वर इंग्रजांची अधिसत्ता. त्याच्या १६ जिल्ह्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे ५ मराठी. सोलापूरहून उस्मानाबादला जाणारा माणूस इलाख्यातून संस्थानात जाई. राज्य बदले, चलन बदले, दरबारी भाषा बदले. त्याच वेळी सोलापूरहून दूरच्या सिंधी हैदराबादला जाणारा माणूस, कागदोपत्री तरी, आपल्याच इलाख्यात असे.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या लष्करी कारवाईने निजामाचं संस्थान भारतात आलं. त्याआधी स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं लढा चालला होता, म्हणून १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९५६ साली संस्थानाचे भाषेप्रमाणे तीन तुकडे झाले आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला.

हैदराबादचं कॉलेज वांद्र्याला कसं आलं?

१९४७ पूर्वी सिंधच्या हैदराबाद शहरात हिंदू बहुसंख्य होते. त्यांत दोन गट ठळक. ‘आमिल’ म्हणजे सरकारी नोकरी, वकिली, शिक्षण यांत असलेले. ‘भाईबंद’ म्हणजे व्यापारी, ज्यांच्या पेढ्या जगभरच्या बंदरांत होत्या. आचार्य कृपलानी याच शहरात जन्मले, साधू वासवानीही. वासवानींनी १९३३ साली हैदराबादेत मीरा शाळा सुरू केली होती. फाळणीनंतर ते पुण्यात आले आणि त्यांचं काम पुण्यात रुजलं.

फाळणीच्या वेळी हे लोक दोन वाटांनी निघाले. एक कराचीहून बोटीने मुंबई, दुसरी हैदराबादहून रेल्वेने राजस्थानमार्गे. मोठा लोंढा कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरवला गेला. तीच छावणी ८ ऑगस्ट १९४९ रोजी ‘उल्हासनगर’ झाली. सिंधी हैदराबादेत १९२२ पासून चाललेलं नॅशनल कॉलेजही त्याच वर्षी वांद्र्यात नव्याने सुरू झालं. प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी निर्वासितांमधून संस्था पुन्हा उभी केली आणि तिच्या नावात हैदराबाद (सिंध) तसंच ठेवलं. के. सी. १९५४ साली आणि एच. आर. १९६० साली याच मंडळाने काढली. सगळं सोडून आलेल्या माणसांनी आधी कॉलेज काढलं, ही गोष्ट मुंबईने अभिमानाने सांगावी.

उलट दिशेनेही माणसं गेली. दख्खनच्या हैदराबादचे अनेक मुसलमान कराचीत स्थायिक झाले. तिथे ‘हैदराबाद कॉलनी’ आहे, दख्खनी लोणच्यांसाठी नावाजलेली, आणि बहादुराबाद भागात चारमिनारची छोटी प्रतिकृती आहे. त्यामुळे कराचीत ‘हैदराबादी’ जेवण म्हटलं की बहुधा बगारे बैंगन आणि खट्टी दाळ अभिप्रेत असते, अवघ्या दोन-तीन तासांवरच्या सिंधी हैदराबादचं जेवण नव्हे.

दोन्हीकडे बांगड्या, दोन्हीकडे बिर्याणी

योगायोग असा की दोन्ही शहरं बांगड्यांसाठी प्रसिद्ध आहेत. पण कारागिरी पूर्ण वेगळी. चारमिनारच्या पश्चिमेला लाड बाजारात लाखेच्या बांगड्या मिळतात. लाख निखाऱ्यांवर मऊ करून मळतात, रंग चढवतात, लांब दोरी ओढून कडं वळवतात, टोकं गरम करून जोडतात आणि निमुळत्या साच्यावर चढवून माप पक्कं करतात. मग लाख मऊ आहे तोवर चिमट्याने एकेक खडा दाबून बसवायचा. लाख थंड झाली तर खडा धरत नाही. जास्त तापली तर खडा आत बुडतो आणि चमक जाते. या बांगड्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. घेताना खडा नखाने हलवून पाहावा, आणि घरी नेल्यावर उन्हात किंवा गाडीच्या काचेमागे ठेवू नये.

सिंधच्या हैदराबादेत चूडीपाडा हा काचेच्या बांगड्यांचा भाग. भट्टीतून वितळलेली काच ओढून फिरत्या दांड्यावर गुंडाळतात, तिचा स्प्रिंगसारखा वेटोळा तयार होतो. तो कापला की एकेक उघडं कडं सुटतं. ही टोकं ज्योतीवर जोडायचं काम बरंचसं घरोघरी होतं, बायका करतात. ज्योतीजवळचा धूर आणि उष्णता दिवसभर तोंडावर घेत. बाजारात डझनाच्या भावात मिळणाऱ्या बांगडीमागे हे काम आहे.

बिर्याणीचा वाद थोडक्यात: दख्खनी ‘कच्च्या गोश्त’च्या बिर्याणीत मुरवलेलं कच्चं मांस तळाशी, वर अर्धवट शिजलेला तांदूळ, आणि झाकण कणकेने बंद करून दम. सिंधीत बटाटा आणि वाळलेले आलुबुखारे पडतात, चव आंबट-तिखट.

बेकऱ्यांचं कोडं याहून गमतीचं. दख्खनच्या हैदराबादेत ‘कराची बेकरी’ आहे: सिंधहून आलेल्या खानचंद रामनानी यांनी १९५३ साली मोअज्जम जाही मार्केटजवळ सुरू केलेली, फळांच्या बिस्किटांसाठी प्रसिद्ध. तणावाच्या दिवसांत नावावरून तिच्यासमोर निदर्शनं होतात, तेव्हा हे सांगावंसं वाटतं की ते नाव फाळणीत घर सुटलेल्या भारतीयाने ठेवलेलं आहे. आणि सिंधच्या हैदराबादेत ‘बॉम्बे बेकरी’ आहे, १९११ सालची, केकसाठी रांगा लागणारी. तीही एका सिंधी हिंदू कुटुंबाने काढली, शहर मुंबई इलाख्यात होतं तेव्हा.

कागदावर हैदराबाद दिसलं, तर कोणतं?

घरातली जुनी पेटी उघडली, किंवा अभिलेखागारात कागद हाती आला, तर आधी साल पाहा, मग सरकार. १८४७ ते १९३६ मधला आणि मुंबई सरकारचा शिक्का असलेला कागद ‘हैदराबाद जिल्हा’ म्हणत असेल, तर तो सिंधचा. दख्खनचं हैदराबाद इलाख्यात कधीच नव्हतं. पुस्तकांतही तेच. ‘गॅझेटियर’ म्हणजे प्रदेशाची भूगोल, समाज, शेती, महसूल अशी साद्यंत माहिती देणारा सरकारी ग्रंथ; ‘गॅझेट’ म्हणजे आदेश छापणारं राजपत्र. बातम्यांत दोन्ही शब्द एकमेकांऐवजी वापरले जातात, पण वस्तू दोन आहेत. त्यातही सिंध प्रांताच्या गॅझेटियरमध्ये हैदराबाद जिल्ह्याचा स्वतंत्र खंड आहे. मराठवाड्यातल्या नोंदी शोधणाऱ्याने तो मागवला तर त्यात बीड-परभणीचं काहीच सापडणार नाही.

निजामी कागद ओळखायच्या खुणा ठळक आहेत. रक्कम ‘हाली सिक्का’ रुपयांत असेल तर तो निजामाचा; सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा इंग्रजी, म्हणजे ‘कलदार’, रुपये. साल ‘फसली’ या महसुली कालगणनेतलं असेल तर त्यात साधारण ५९० मिळवा: १३४० फसली म्हणजे १९३०-३१. महिने आजूर, दै, बहमन असे फारसी असतील तर शंकाच नको. भाषा बहुधा उर्दू, सोबत मोडी. सिंधच्या कागदांत इंग्रजी रुपया, इसवी सन, आणि १८५३ साली ठरवलेली ५२ अक्षरांची अरबी वळणाची सिंधी लिपी. उर्दू वाचणाऱ्याला ती उर्दूच वाटते आणि मग अर्थ लागत नाही. अक्षरांवर चार-चार टिंबं दिसली की ती सिंधी.

विमानाचं तिकीट काढताना संकेत बघा. दख्खनचा शमशाबाद विमानतळ एचवायडी, सिंधचा एचडीडी. रेल्वेत नामपल्ली एचवायबी. पार्सल किंवा ऑनलाइन अर्जात देश आधी निवडा आणि मगच शहर, कारण शहरांच्या यादीत दोन्ही नावं एकाखाली एक येतात.

क्रिकेटच्या आकड्यांतही जपून. १९८७ चा विश्वचषक ८ ऑक्टोबरला सिंधच्या हैदराबादेत नियाझ स्टेडियमवर पाकिस्तान-श्रीलंका सामन्याने सुरू झाला, आणि दोनच दिवसांनी, १० ऑक्टोबरला, दख्खनच्या हैदराबादेत लालबहादूर शास्त्री स्टेडियमवर न्यूझीलंडने झिंबाब्वेला ३ धावांनी हरवलं. एकाच स्पर्धेत दोन हैदराबादं. एकदिवसीय क्रिकेटमधली पहिली हॅट्‌ट्रिक, जलालुद्दीनची १९८२ सालची, ‘हैदराबाद’ला झाली असं वाचाल तेव्हा ते नियाझ स्टेडियम.

बघायला जायचं तर

दख्खनला जाणाऱ्याने एक दिवस गोवळकोंडा आणि कुतुबशाही कबरी यांना द्यावा. सकाळी लवकर चढावं, कारण दगड तापला की बालाहिसारपर्यंतच्या, म्हणजे किल्ल्याच्या माथ्यापर्यंतच्या, पायऱ्या जड जातात. फतेह दरवाजाच्या घुमटाखाली वाजवलेली टाळी वर बालाहिसारात ऐकू येते. गर्दी वाढली की तो प्रयोग फसतो, हे लवकर जायचं दुसरं कारण. दुसरा दिवस चारमिनार, लाड बाजार, चौमहल्ला राजवाडा आणि सालारजंग संग्रहालय. सालारजंगमध्ये लोक घड्याळातला घंटा वाजवणारा बाहुला आणि बेंझोनीची संगमरवरी ‘पडद्यातली रिबेका’ बघून परततात. तेवढ्यावर थांबू नका, हस्तलिखितं आणि शस्त्रांची दालनंही पाहा. मुसीच्या काठावर थोडं थांबा. २८ सप्टेंबर १९०८ च्या पुरात इथे हजारो माणसं वाहून गेली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणं झाली, जी शहराला पूरनियंत्रण आणि पिण्याचं पाणी दोन्ही देत आली आहेत.

सिंधच्या हैदराबादला भारतीयाला जाणं आज जवळपास अशक्य आहे. जोधपूरहून कराचीला, फाळणीतल्याच रेल्वेवाटेने, जाणारी थार एक्स्प्रेस ऑगस्ट २०१९ पासून बंद आहे. पाकिस्तानचा व्हिसा भारतीयांना ठरावीक शहरांपुरताच मिळतो, त्यामुळे वाट उघडली तरी अर्जात ‘हैदराबाद’ हे नाव स्वतंत्रपणे लिहावं लागेल. कराचीचा व्हिसा तिथे चालत नाही. परदेशी पासपोर्ट असलेले सिंधी मात्र आजोबांची घरं शोधत जातात. त्यांच्यासाठी पहिला थांबा मुखी हाउस: १९२० साली जेठानंद मुखी यांनी बांधलेला वाडा, आता संग्रहालय. तिथून पक्का किल्ला आणि शाही बाजार पायी जाण्याच्या अंतरावर. हीराबादेत आमिलांची जुनी घरं अजून आहेत. सोबत घराचा जुना फोटो आणि वडिलांच्या पिढीतलं गल्लीचं नाव असावं, कारण रस्त्यांची नावं बदलली आहेत, पण जुन्या दुकानदारांना गल्ल्या जुन्याच नावांनी ठाऊक असतात.